मयेकर बोर्डिंग पडलं त्याची गोष्ट

"वा! काय सडलंय!"

असं म्हणून तो माणूस आमच्या बोर्डिंगच्या दारात थांबला आणि त्याने डोळे मिटून असा वास घेतला, जसा आपण गरम भातावरच्या तुपाचा घेतो.

माझे सासरे, नाना, काउंटरमागे बसले होते. मी त्यांची पेज घेऊन आले होते. नानांनी चष्मा वर केला, त्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हेमा, चहा टाक," ते म्हणाले. "हे कौतुक करतायत की शिव्या घालतायत, ते चहा पिताना कळेल."

कौतुकच होतं. त्याचं नाव निमिष. मुंबईत सिनेमाचे सेट लावायचं काम करायचा. त्याला समुद्राकाठचं एक पडकं हॉटेल हवं होतं. गोव्यापर्यंत सगळा किनारा धुंडाळला, पण मनासारखं पडकं कुठे मिळेना, म्हणाला.

"काका, बाकीचे लोक मध्येच काहीतरी दुरुस्त्या करून घाण करतात हो," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "तुम्ही कशाला हातच लावला नाहीत. सलाम तुम्हाला."

नाना कसेनुसे हसले. आपल्या आळसाचा असा सत्कार होईल हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता आळस हा शब्द मी रागाने वापरला, तो काही खरा नाही. देवखार बंदराला आगबोट लागायची तेव्हा नानांच्या वडिलांनी हे बोर्डिंग बांधलं. रात्रीच्या बोटीने उतरलेला माणूस सकाळच्या एसटीपर्यंत कुठे झोपणार? मयेकर बोर्डिंगमध्ये. मग आगबोट बंद झाली. रेल्वे आली ती डोंगराच्या पलीकडून गेली. हायवे त्याच्याही पलीकडून. मी लग्न होऊन आले तेव्हा धक्क्यावर बकऱ्या झोपायच्या, टॉकीजचा पडदा फाटून त्यातून खरा समुद्र दिसायचा आणि कस्टमच्या कचेरीत वडाचं झाड साहेबासारखं ऐसपैस बसलेलं होतं. गावात दुकानांपेक्षा कुलपं जास्त. पुढे बोर्डिंगलाही कुलूप लागलं आणि आमचे हे, म्हणजे सदानंद, मस्कतला गेले.

जाताना एवढंच म्हणाले, "नाना, बोर्डिंग चालू करा, मी दुसऱ्या दिवशी परत येतो. तिकडे मला काय सोनं लागलंय?"

म्हणून नाना रोज अंघोळ करून, गंध लावून बंद बोर्डिंगच्या काउंटरमागे जाऊन बसायचे. राहायचो आम्ही मागच्या आळीत, पण नानांचा पत्ता कायम बोर्डिंगचाच. सिनेमाचं भाडं आलं की डागडुजी करायची, नगरपरिषदेकडून परवाना काढायचा आणि सदाला बोलवायचं, हे त्यांनी त्या चहाच्या कपातच ठरवून टाकलं. आणि मी? मी तर कपबशा विसळता विसळता यांना कोणती भाजी करून घालायची तेसुद्धा ठरवलं.

निमिष महिन्याने सगळं लटांबर घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

त्या महिन्यात नानांनी जे केलं, ते तुम्हीही केलं असतंत. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण काय करतो? नानांनी बोर्डिंगची समोरची बाजू खरवडून घेतली आणि चुन्याचे तीन हात दिले. दारं-खिडक्यांना आकाशी तेलरंग. पायरीला गेरू. दोन्ही बाजूंना कुंड्या, त्यात क्रोटन. आणि वर दोरीने बांधलेली पाटी: सुस्वागतम्.

ठरल्या दिवशी निमिषचा ट्रक आला. निमिष पुढच्या सीटवरून उतरला, त्याने बोर्डिंगकडे बघितलं आणि तो तिथेच, रस्त्यावर, मांडी घालून बसला.

"पाणी आण गो," नाना मला म्हणाले. "घाट लागला वाटतं."

"काका," निमिष म्हणाला, "हे काय केलंत?"

"तुम्ही येणार म्हणून."

"मर्डर केलात माझा."

"अहो, अजून मागची बाजू राहिलीय, ती उद्या..."

"नको!" तो असा ओरडला की समोरच्या सलूनमधून वामन अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. "मागे कुणी हात लावायचा नाही!"

पण सिनेमावाले मोठी चिवट माणसं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी आमचं नवंकोरं बोर्डिंग पुन्हा पडकं करायला घेतलं. चार रंगारी परांचीवर चढले आणि बारीक ब्रशने भिंतीवर भेगा काढायला लागले. काय एकेक भेग! वरून खाली आलेली, मधेच फुटून दोन झालेली, कडेला काळपट, आत खोल. मी जवळ जाऊन बोट घालायला गेले तर बोट भिंतीला आपटलं. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन डिंकाने चिकटवला, त्याचं शेवाळ झालं. ओल आल्याचे डाग पाडायला त्यांना बिनसाखरेचा चहा हवा होता, तो मी घमेलंभर उकळून दिला.

"भिंतींनापण चहा पाजायचा," नाना म्हणाले. "पाहुणचारात कमी नको."

दोन ठिकाणी मात्र त्यांनी हातोडीने खरा गिलावा पाडला. आत जांभा दगड, आमच्या आजेसासऱ्यांनी गुळाच्या पाण्यात मळलेल्या चुन्यात बसवलेला. रंगाऱ्याच्या हातोडीचा दांडा मोडला. निमिष खूश होऊन म्हणाला, "आता कसं मरायला टेकल्यासारखं दिसतंय!"

शूटिंगला चार-पाच दिवस होते आणि मरायला टेकलेलं बोर्डिंग उन्हात वाळत होतं, तेव्हा नगरपरिषदेची जीप आली.

झालं होतं असं की, आमच्या गावाला पर्यटन योजनेत घ्यायचं वरून ठरलं होतं. पर्यटकाच्या डोक्यावर इमारत पडू नये म्हणून आधी धोकादायक इमारतींचा सर्व्हे. त्यासाठी इंजिनिअर घोलपसाहेब फिरत होते. घोलप घाटावरचे, पोट सुटलेले, तसे गरीब स्वभावाचे. आमच्या शेजारी दाजीशेठ शेट्यांचा बर्फाचा कारखाना होता. आतून नुसता पोकळ. पत्रा गेलेला, तुळया वाळवीने खाल्लेल्या, भिंतीला भिंत नुसती शेजारधर्म म्हणून टेकलेली. पण रस्त्याकडच्या भिंतीवर सौंदर्यीकरणवाल्यांनी निळा समुद्र आणि उड्या मारणारे दोन डॉल्फिन रंगवले होते. त्या दिवशी उन्हात मधेच पावसाची एक सर आली म्हणून घोलपांनी जीपमध्ये बसूनच डॉल्फिन बघितले आणि कारखान्याला 'सुस्थितीत' असा दाखला दिला.

मग जीप आमच्याकडे वळली. घोलपांनी काच खाली केली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आवो, कोणी आत आहे का? बाहेर या! आधी बाहेर या!"

नाना बाहेर आले. "या साहेब. चहा घ्या."

"चहा कसला घेता? भेगा बघा! ही भिंत कधी खाली येईल सांगता येत नाही."

"त्या रंगवलेल्या आहेत," नाना म्हणाले.

घोलपांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की म्हाताऱ्याला घरी कोण आहे की नाही.

"भेगा कोण रंगवतं, नाना?"

"सिनेमावाले."

"बरं," घोलप म्हणाले आणि दारावर नोटीस चिकटवून गेले. इमारत अतिधोकादायक असून मालकाने स्वतः उतरवून घ्यावी, नाहीतर नगरपरिषद उतरवेल.

नाना निमिषला शोधायला धावले. निमिष फोनवर होता आणि सामान ट्रकमध्ये चढत होतं. निर्मात्याने आमच्या समुद्राचे फोटो बघितले होते आणि त्याला पाणी गढूळ वाटलं होतं. सिनेमा आता दीवला होणार होता.

"आमचा समुद्र गढूळ?" नानांना नोटिशीपेक्षा हे जास्त लागलं. "मेल्यानो, त्यात मासे आहेत म्हणून गढूळ आहे! तुमच्यासारखा रिकामा नाही!"

"सॉरी काका," निमिष म्हणाला. "पण भेगा मात्र एक नंबर झाल्या होत्या."

"त्या पुसून तरी जा रे!"

"वॉटरप्रूफ आहेत काका," तो म्हणाला, आणि ट्रक गेला.

पुढचे काही दिवस सासरा आणि सून, आम्ही दोघं रॉकेलचे बोळे घेऊन भेगा पुसत होतो. लोक थांबून बघायचे. वामन सलूनच्या पायरीवरून ओरडायचा, "नाना, डावीकडची राहिली! तिचं पिल्लूपण आहे खाली!" तळहाताची सालं निघाली. मस्कतहून फोन आला की नाना सांगायचे, "काही नाही रे, जरा साफसफाई चाललीय, तू तयारीला लाग." आणि मी फोन घेतला की हे विचारायचे, "खरं सांग, काय चाललंय?" मी म्हणायचे, "अहो, नाना भेगा पुसतायत." हे म्हणायचे, "नानांना डॉक्टरकडे ने."

नानांनी नोटिशीवर हरकत घेतली होती, तिच्या सुनावणीला घोलप आले तेव्हा भिंत स्वच्छ झाली होती. नाना ताठ उभे राहिले.

"बघा साहेब. आहे एक तरी भेग?"

घोलपांनी भिंतीवरून हात फिरवला. वास घेतला. वहीत काहीतरी लिहिलं.

"भेगा होत्या, हे मान्य आहे ना?"

"होत्या म्हणजे रंगवलेल्या..."

"होत्या. मग आता नाहीत. म्हणजे बुजवल्यात. अतिधोकादायक इमारतीत परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही, नाना. हा वेगळा गुन्हा झाला."

"अहो, पुसल्या आम्ही! रॉकेलने!"

"आणि हा चुना?" घोलपांनी अजून चकाकणाऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हा तर भेगांच्या आधीचा आहे. म्हणजे आधी लपवल्यात, मग त्या चुन्यावर आल्या, मग पुन्हा लपवल्यात. किती खोल असतील मला सांगा."

मी म्हटलं, "साहेब, हातोडी घ्या आणि मारून बघा. दगड बोलेल."

"वहिनी, मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलंय."

पाडायचा दिवस ठरला. सकाळीच जेसीबी आला. मागोमाग जीप आली, ती घोलपांनी कारखान्याच्या भिंतीला लागून, डॉल्फिनच्या सावलीत उभी करायला लावली. सगळा गाव जमला. गावात वर्षानुवर्षं काही घडलं नव्हतं, त्यामुळे पोराबाळांना नवे कपडे घालून आणलं होतं. खारे दाणेवाला आला. नानांनी शर्टाची सगळी बटणं लावली आणि ते रस्त्याच्या कडेला, आमच्याच काउंटरमागच्या खुर्चीत बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांचा आवाज साधा होता.

"सदाला कळवू नको," म्हणाले. "कामावर असेल."

जेसीबीने पहिला ठोसा मारला. ठण्ण करून आवाज आला. भिंतीवर एक पांढरा ओरखडा उठला, बस. दुसरा मारला. तिसरा. ड्रायव्हरने कोन बदलला, खालून घातलं, वरून घातलं. गुळाच्या चुन्यात बसलेला जांभा जागचा हलेना. शेवटी बादलीचा एक लोखंडी दात तुटून उडाला आणि दाणेवाल्याच्या टोपलीत पडला.

ड्रायव्हर खाली उतरला. "साहेब, कोण म्हणतं ही धोकादायक? हिच्यापासून माझ्या मशीनला धोका आहे."

लोक हसले. नानाही हसले. घोलप घाम पुसत आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा चहा मिळेल का?" जीपचा ड्रायव्हरही चहाच्या आशेने त्यांच्यामागून आला. तो आला म्हणून वाचला.

कारण जेसीबीवाल्याने पुन्हा वर चढून एक जोरदार दणका दिला आणि शेजारच्या कारखान्यातून आधी कबुतरं उडाली. मग कुत्री पळाली. मग एका डॉल्फिनची शेपटी गळून पडली. लोक तिकडे बघेपर्यंत तो अख्खा बर्फाचा कारखाना, म्हातारं माणूस खाली बसताना सुस्कारा टाकतं ना, तसा सुस्कारा टाकून खाली बसला. निळा समुद्र रस्त्यावर पसरला. त्याच्या खाली नगरपरिषदेची जीप.

धूळ बसली. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हेच पाडायचं होतं.

घोलप मटकन आमच्या पायरीवर बसले. मी दिलेला चहाचा कप त्यांच्या हातात तसाच. "माझी सही आहे हो त्याच्यावर," ते पुटपुटले. "सुस्थितीत म्हणून माझी सही आहे. मी खाली उतरलोच नव्हतो. पाऊस होता."

नानांना राग यायला हवा होता. पण आमचे नाना म्हणजे, दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, ही बोर्डिंगवाल्याची जात. त्यांनी घोलपांच्या पाठीवर हात ठेवला. "प्या आधी. माणूस मेला नाही, हे काय कमी आहे?"

"नोकरी जाईल, नाना. दोन मुली आहेत लग्नाच्या."

थोड्या वेळाने घोलपांनी डोळे पुसले. मग बोर्डिंगकडे बघितलं, ढिगाऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. कागद मागवला. आमच्याच टेबलावर पंचनामा लिहायला बसले. वामन आणि दाणेवाला पंच.

"ऐका," घोलप म्हणाले. "आज रोजी अतिधोकादायक इमारत कोसळली. नगरपरिषदेने वेळीच खबरदारी घेतल्याने जीवितहानी टळली. बरोबर?"

"बरोबर," वामन म्हणाला.

"आता अतिधोकादायक इमारत कोणती? नोटीस असलेली. नोटीस कुणाला? मयेकर बोर्डिंगला. म्हणजे मयेकर बोर्डिंग कोसळलं."

नानांनी मान तिरकी केली.

"माझं बोर्डिंग तर हे उभं आहे."

"ते कारखाना आहे, नाना. सुस्थितीतला. माझा दाखला आहे ना."

"आणि जेसीबी?"

"पडलेल्या इमारतीवर जेसीबी कशाला? आत्ता या क्षणी परत पाठवतो. तुमच्या भिंतीला पुन्हा कुणी हात लावणार नाही. फक्त मालक म्हणून इथे सही करा की पडलं."

मी म्हटलं, "नाना, असं कसं? उभ्या इमारतीला पडली म्हणून..."

"अगो, कागदावर!" वामन म्हणाला. "कागदावर गावात सांडपाण्याची गटारंपण आहेत. दिसतात तुला?"

नानांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं, इतकं की ठसका लागला. "हेमा, ऐक, मी पडलोय! समूळ कोसळलो, म्हणतात!" डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि त्यांची ती वळणदार, मागे शेपूट सोडलेली सही ठोकली. जेसीबी गेला. संध्याकाळी नानांनी गावात पेढे वाटले. घोलपांनीही एक खाल्ला.

मस्कतला फोन झाला. सगळी हकिगत ऐकून हेसुद्धा पोट धरून हसले. मग विचारलं, "म्हणजे येऊ?"

"ये," नाना म्हणाले. "भिंत जेसीबीला पुरून उरली. तिला काय होतंय?"

यांनी राजीनामा दिला आणि गणपतीच्या आधी येऊन पोचले. पिशव्या खाली ठेवून आधी बोर्डिंगच्या भिंतीवरचा ओरखडा बघायला गेले. रात्री जेवताना नाना एकाच ताटात दोन माणसांचं जेवले. मी कधी त्यांना तसं जेवताना बघितलं नव्हतं.

सोमवारी बापलेक परवान्याचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले. मीही गेले, बाजार करायचा होता म्हणून. खिडकीत नवी बाई होती. घोलपांची बढतीवर बदली झाली होती, जीवितहानी टाळल्याबद्दल. बाईने संगणकात बघितलं.

"मयेकर बोर्डिंग? ते पडलंय."

"नाही, उभं आहे," नाना म्हणाले. "ते एक कागदापुरतं..."

"काका, परवाना कागदावरच मिळतो. पडलेल्या इमारतीला लॉजचा परवाना कसा देऊ?"

"बाहेर येऊन बघा ना, बाई. इथून दिसतं."

तिने खरंच खिडकीतून मान काढून बघितलं. "ती होय? ती शेट्यांची आहे. नकाशात आहे. पंचनाम्याशी जुळावा म्हणून घोलपसाहेबांनी नकाशा दुरुस्त करून घेतलाय." मग तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि खाली बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

नाना सहीकडे बघत राहिले. यांनी आधी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी हसलं नाही.

दाजीशेठ कोल्हापूरला राहायचे. बातमी कळल्यावर पांढरे बूट घालून आले. नानांच्या पाया पडले.

"नाना, तुमची शपथ, मी काही मागायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "सरकारनेच माझी इमारत उभी ठरवली. आता सरकारच्या विरुद्ध मी कसा जाऊ?"

"दाजी, लहानपणी बापाच्या कारखान्यात बर्फ चोरायला यायचास तेव्हा मी तुला आमच्या खिडकीतून बघायचो. कुठल्या खिडकीतून, ते तरी आठव."

"आठवतं ना," दाजीशेठ म्हणाले. "आणि तुमची जागा कुठे जात नाही. ती काय." त्यांनी ढिगाऱ्याकडे हात केला. त्यावर एक कुत्री पिल्लांना पाजत होती. "तिथे बांधा. मी मदत करीन."

आम्ही कोर्टात गेलो. वकील म्हणाले, केस भक्कम आहे, सगळा गाव साक्षीला आहे, एकच माणूस विरोधात आहे. कोण, विचारलं तर म्हणाले, तुम्हीच. सही तुमची. वामन पहिल्या तारखेला आला, मग सलून बंद पडतं म्हणून यायचा थांबला. दाणेवाल्याने दाजीशेठच्या गेटवर टपरी टाकली.

यांनी दोन महिने वाट बघितली. मस्कतच्या कंपनीने परत घेतलं, पण खालच्या जागेवर, आणि पाच वर्षांच्या करारावर. जाताना पायरीवर वाकून नमस्कार केला तेव्हा नाना म्हणाले, "पुढच्या तारखेला निकाल लागेल." हे "हो" म्हणाले. तो "हो" ऐकून मला कळलं, आता हे फक्त गणपतीला येणार.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. केस चालू होती, आणि दाजीशेठच्या सुस्थितीतल्या इमारतीत दाजीशेठचं हॉटेल चालू झालं. मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायला लागली. भिंतीवरचे जेसीबीचे ओरखडे त्यांनी तसेच ठेवले, वर दिवे सोडले. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात.

नाना रोज समोर जाऊन वामनच्या बाकावर बसायचे. एके दिवशी दुपारी मला म्हणाले, "हेमा, चांगली साडी नेस. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"खोली घ्यायला."

मी साडी बदलून आले. नानांनी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घातली. आम्ही आत गेलो. काउंटर तिथेच होता, नुसता पॉलिश केलेला. मागे पुण्याकडची एक गोड मुलगी उभी होती.

"वेलकम सर. समुद्राकडची देऊ?"

"वरची, कोपऱ्यातली," नाना म्हणाले. "एका रात्रीपुरती."

"आयडी प्रूफ?"

नानांनी मतदार कार्ड दिलं. मुलीने टाइप केलं, थांबली, पुन्हा टाइप केलं.

"सर, यावरचा पत्ता चुकलाय बहुतेक. हा तर आपल्याच हॉटेलचा पत्ता आहे."

"बरोबर आहे."

"म्हणजे तुम्ही इथेच राहता?"

"नाही."

"सर, गेस्टचा पत्ता आणि हॉटेलचा पत्ता एक असला तर सिस्टीम घेत नाही." तिला खरंच वाईट वाटत होतं. "दुसरा काही पत्ता आहे का? मुलगा, मुलगी कुणाचा?"

नाना काउंटरवर हात टेकून उभे होते. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून यांच्या पत्राचं निळं पाकीट काढलं आणि त्याच्या मागचा पत्ता तिला वाचून दाखवला. एकेक अक्षर सावकाश. सदानंद मयेकर, मग खोली नंबर, मग ती गल्ली, जी आम्ही दोघांनीही कधी बघितली नव्हती, मग मस्कत.

मुलीचा चेहरा खुलला. "अरे वा, फॉरेनहून! मग तुम्हाला वेलकम ड्रिंक आमच्याकडून, सर. लोकल आहे, ट्राय करा."

तिने कोकमचं सरबत आणून नानांच्या हातात दिलं. उंच पेल्यात, वर छोटी कागदाची छत्री. नानांनी ती छत्री काढून अलगद काउंटरवर ठेवली आणि उभ्याउभ्या सगळं पिऊन टाकलं.

"कसं आहे, नाना?" मी विचारलं.

त्यांनी रुमालाने ओठ पुसले.

"पाणी फार घातलंय," म्हणाले, आणि किल्ली घेऊन जिना चढायला लागले.